बंद खोलीतला श्वास : भुताखेतांचे आणि भारलेल्या घरांचे तुमचे अनुभव

माजघर

गेल्या रविवारी मामेभावाने आजोळच्या घराचे छायाचित्र पाठवले. कौले उतरवून अंगणात रचली होती, वासे उघडे पडले होते, आणि माजघरामागच्या बाळंतिणीच्या खोलीत ऊन पडलेले मला आयुष्यात प्रथमच दिसले. वेंगुर्ले तालुक्यातल्या त्या घरात मी लहानपणीची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी काढली, परंतु त्या खोलीचे दार कधी उघडे पाहिले नव्हते. तिथे आलवंतीण आहे, असे आम्हां मुलांना सांगितले जाई. बाळंतपणात दगावलेली बाई आलवंतीण होते आणि पुढच्या बाळंतिणीवर तिची नजर राहते, या समजामुळे नंतरच्या सुनांची बाळंतपणे पडवीत आडोसा करून झाली, आणि बाळंतिणीच्या उशाखाली कोयता ठेवल्याशिवाय त्या घरात कोणी दिवा मालवत नसे.

१९८६ च्या सुट्टीत, मी दहा वर्षांची असताना, माजघरात आजीच्या कुशीत झोपले होते. मध्यरात्र उलटल्यावर त्या दाराआडून कोणीतरी घोरावे तसा, मधूनच धाप लागल्यासारखा, लांबलचक श्वास ऐकू आला. तो थांबे आणि पुन्हा सुरू होई. आजीला हाक मारावी म्हटले, तर घशातून आवाज फुटेना. आजी जागीच होती. तिने एक हात माझ्या डोक्यावरून फिरवला, दुसऱ्या हाताने गळ्यातला चांदीचा टाक चाचपला आणि दाराकडे तोंड करून, शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी बोलावे इतक्या साध्या सुरात म्हणाली, "नीज गो बाय, पोरां भियतत." आवाज किती वेळाने थांबला ते मला सांगता येणार नाही, कारण त्यानंतर मला गाढ झोप लागली.

तो टाक नखाएवढा होता. त्यावर एका बाईची आकृती होती आणि तिचे नाकडोळे झिजून गुळगुळीत झाले होते. आजोबांची पहिली बायको ती. दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात मेलेल्या सवतीचा टाक बांधण्याची रीत होती, तशी आजी तो साठ वर्षे वागवत आली. नवे लुगडे नेसण्याआधी ती ते टाकाला लावी, आणि दर अमावस्येला त्या बंद दाराशी दूधभाताचे पान ठेवी. घरात त्या बाईचे नाव मात्र कोणी घेत नसे. एरवी ती 'थोरली' होती, आणि आम्हांला भीती दाखवायची असली की नुसती 'ती'. आषाढातल्या पुरात होडी बंद होती, सुईण पलीकडच्या काठावर अडकली होती, दोन दिवस अडलेली ती सोळा-सतरा वर्षांची मुलगी त्याच खोलीत गेली, हे मला आईकडून फार उशिरा कळले.

भूत असते की नसते, या प्रश्नाला मी सरळ उत्तर देऊ शकत नाही. तुमच्या घरांत, गावांत जे घडले ते कृपया लिहा. खरे-खोटे ठरवण्याच्या आधी ते कसे घडले हे मला ऐकायचे आहे.

रानवाटा

आपण वर्णन केलेला आवाज वाचून मी हातातले काम बाजूला ठेवून लिहीत आहे. मी वीस वर्षे पक्षिनिरीक्षण करतो, आणि हा आवाज मी नाशिक जिल्ह्यातल्या एका पडक्या वाड्यात तासन्‌तास ऐकला आहे. गव्हाणी घुबड इतर घुबडांसारखे घुमत नाही. ते कर्कश किंचाळते, आणि त्याची भुकेली पिल्ले माणूस घोरावा तशी फसफसतात. बदामाच्या आकाराचा पांढराफटक चेहरा, आणि पंखांच्या कडेला कंगव्यासारखी झालर असल्यामुळे पंखांचा आवाज अजिबात नाही. असा पक्षी अंधारातून डोक्यावरून गेला तर धीराच्या माणसाचेही पाय लटपटतात. बंद खोल्या आणि माळे या पक्ष्याला फार आवडतात. हा पक्षी उंदीर सबंध गिळतो आणि हाडे व केस यांचे गोळे करून ओकून टाकतो. वाशांखाली तसे काळपट गोळे आणि भिंतीवर पांढरे ओघळ आहेत का, हे आपल्या बंधूंना पाहायला सांगाल का? तिथे आज घुबडे असतील, तर पिल्ले उडेपर्यंत काम थांबवावे, अशी कळकळीची विनंती आहे.

निशिगंध

मी परिचारिका आहे आणि बहुतेक वर्षे रात्रपाळी केली आहे. एका पहाटे, सलग चौथ्या रात्रपाळीनंतर, वसतिगृहाच्या खोलीत उताणी झोपले असताना मला जाग आली. खिडकी दिसत होती, पंखा दिसत होता, परंतु बोटही हलत नव्हते आणि छातीवर कोणीतरी पाय दुमडून बसले होते. त्याचे वजन मला आजही आठवते. आमच्या गावी याला मुंजा छातीवर बसणे म्हणतात. मुंज झालेला, पण सोडमुंजीआधी गेलेला मुलगा पिंपळावर राहतो आणि रात्री उतरतो, अशी समजूत आहे. आमच्या वसतिगृहाच्या दाराशीच पिंपळ होता, त्यामुळे मैत्रिणींना तर शंकाच उरली नाही. मी त्या खोलीत पुढचे दोन महिने दिवा लावून झोपले.

नंतर मानसोपचार विभागात काम करताना उलगडा झाला. आपल्याला स्वप्ने पडतात त्या झोपेत शरीराचे स्नायू मुद्दाम सैल सोडलेले असतात, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणावरून उठत नाही. कधी मन आधी जागे होते आणि स्नायूंवरचा तो बांध काही सेकंद, क्वचित एक-दोन मिनिटे, तसाच राहतो. अर्धे स्वप्न उघड्या डोळ्यांपुढे चालू असते. जागरण आणि उताणे झोपणे यांनी हे वाढते. हे ठाऊक झाल्यावर भीती गेली, परंतु अनुभव खोटा होता असे मी कधीच म्हणणार नाही. ज्याच्या छातीवर ते वजन आले आहे त्याला 'तुला भास झाला' असे म्हणू नये, ही माझी विनंती आहे.

तिठा

माजघर, आपले आजोळ आरवलीच्या जवळ असेल तर मी काय सांगणार ते आपल्याला ठाऊक असेल. आमचा वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा. घाटावर ज्याचे नाव घेताना माणसे कचरतात, त्याला आम्ही केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्या मोठ्या वहाणा वाहतो. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. माझे वडील शिरोड्याहून रात्री उशिरा चालत येत. एका अमावस्येला त्यांना चकवा लागला. ओळखीची पाणंद, तरी तीनदा फिरून त्याच काजूखाली आले. तेव्हा ते खाली बसले, विडी पेटवली आणि वेतोबाला गाऱ्हाणे घातले. त्यानंतर पुढे कोणीतरी वहाणा वाजवत चालत असल्यासारखा आवाज येऊ लागला, आणि त्या आवाजामागून ते घरी पोहोचले. अंधारात माणूस नकळत एका बाजूला वळत वर्तुळात फिरतो, हे मी वाचले आहे आणि मला पटते. घटकाभर बसल्याने त्यांचे मन थाऱ्यावर आले असेल, हेही पटते. वहाणांचा आवाज मात्र मी वडिलांकडून काढून घेऊ इच्छित नाही.

खाजन

तिठा यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्या गोव्यातल्या तिसवाडीत देवचार हाच राखणदार. हातात काठी आणि मशाल घेऊन तो खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधावरून फिरतो, असे आजी सांगे, आणि वर्षातून एकदा त्याला रोट, सुरो (दारू) आणि विडी पोहोचवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. बांध फुटला किंवा मानशीचे, म्हणजे बांधातले पाणी अडवणारे, दार निखळले तर खारे पाणी शेतात शिरून पीक जाते. त्या बांधावर रात्री कोणीतरी जागे आहे, ही जाणीव तिच्यासाठी भीतीची नव्हती, आधाराची होती.

ओसरी

वरचे अनुभव वाचून बरे वाटले, परंतु मला दुसरी बाजू लिहिलीच पाहिजे. माझी धाकटी मावशी यवतमाळ जिल्ह्यात दिलेली होती. १९९४ साली पहिल्या बाळंतपणानंतर आठव्या दिवशी ती झोपेनाशी झाली, स्वतःशी बोलू लागली, आणि हे बाळ माझे नाही, ते बदलले आहे, असे म्हणू लागली. सासरच्यांनी बाहेरचे लागले असे ठरवले आणि तिला एका भगताकडे नेले. तिचे हात बांधले, मिरच्यांची धुरी दिली, केस धरून 'तू कोण, सांग' असे विचारत मारले. ती प्रत्येक वेळी स्वतःचेच नाव सांगत होती. तेच नाव ती सांगत राहिली आणि त्यासाठीच मार खात राहिली, हे तिथे हजर असलेल्या माझ्या आईला अखेरपर्यंत विसरता आले नाही.

प्रसूतीनंतर होणारा हा तीव्र मनोविकार हजार बाळंतपणांमागे एक-दोन स्त्रियांना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो आणि औषधोपचाराने बरा होतो. त्यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असल्यामुळे एक दिवसही दवडू नये. मावशी तीन महिन्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी उपचार घेऊन बरी झाली, पण तिच्या डाव्या डोळ्याची दृष्टी त्या धुरीनंतर कायमची अधू राहिली.

डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी इतकी वर्षे झटले, तो त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर काही दिवसांतच वटहुकूम म्हणून आला आणि त्याच डिसेंबरात विधिमंडळाने संमत केला. त्याच्या अनुसूचीतले पहिलेच कलम भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधणे, मारहाण करणे आणि मिरचीची धुरी देणे यांविषयी आहे. ते मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा ते मावशीसाठीच लिहिले आहे असे मला वाटले.

निशिगंध

ओसरी, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आमच्या प्रसूतिकक्षात आम्ही आता घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीच्या नातेवाइकांना ही लक्षणे सांगतो. मावशींना माझा नमस्कार कळवा.

कसबा

माझे बालपण शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर गेले. अमावस्येच्या रात्री वाड्यातून 'काका मला वाचवा' अशी हाक येते, हे आम्ही सर्वांनीच ऐकले होते. म्हणजे हाक नव्हे, हाकेची गोष्ट. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले, तेव्हा त्यांना अठरावे वर्ष पूर्ण होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. मी सोळा वर्षांचा असताना एका अमावस्येला दोन मित्रांसह तटाला कान लावून पहाटेपर्यंत बसलो होतो. काहीही ऐकू आले नाही, परंतु त्या रात्री मला प्रथमच असे जाणवले की मारला गेलेला तो मुलगा जवळजवळ आमच्याच वयाचा होता. ज्या दालनांतून तो धावला ती १८२८ च्या आगीत जळून गेली, आता जोते आणि तट तेवढे उरले आहेत. जागा नाहीशी झाली तरी त्या मुलाची हाक लोकांनी अडीचशे वर्षे सोडलेली नाही.

तुळशीवृंदावन

थोडक्यात लिहिते, कारण हे सर्वांना कळणे आवश्यक आहे. आम्ही भाड्याने घेतलेल्या सदनिकेत आधीच्या दोन कुटुंबांना 'त्रास' झाला होता, असे शेजारी सांगत. आम्हांलाही हिवाळ्यात सकाळी डोके जड होऊ लागले, सासूबाईंना बोळात सावली दिसू लागली, आणि एकदा मुलगी न्हाणीघरात बेशुद्ध पडली. घरात शांत करायची तारीखही ठरली होती. मुलीला तपासणाऱ्या डॉक्टरांनी सर्वप्रथम विचारले की पाणी कशावर तापवता. गॅसचा गीझर न्हाणीघरातच होता आणि झरोका थंडीसाठी पुठ्ठा लावून बंद केलेला होता. ज्वलन अपुरे झाले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो; त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याने डोकेदुखी, भ्रम आणि मृत्यूही येतो. अमेरिकेत १९२१ साली एका नेत्रतज्ज्ञांनी अशाच एका 'झपाटलेल्या' घराची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली होती. तिथेही दोष बिघडलेल्या भट्टीचा निघाला. आम्ही गीझर काढून टाकला, पुठ्ठा फाडला, आणि सासूबाईंना सावली पुन्हा दिसली नाही. आपापले झरोके कृपया आजच पाहा.

तिठा

माजघर, आपण परत आला नाहीत. आजींच्या गळ्यातला तो टाक आता कोणाकडे आहे?

माजघर

क्षमस्व, दोन दिवस भावाशी आणि मामीशी बोलण्यात गेले. रानवाटा, आपले म्हणणे अक्षरशः खरे निघाले. भिंतीवर ओघळ आहेत, आणि आढ्याखालच्या कोपऱ्यात टोपलीभर गोळे सापडले. भावाने त्यातला एक फोडून त्याचे छायाचित्र पाठवले आहे. राखाडी केसांत तांदळाच्या कण्यांएवढे दात आणि उंदराचा अख्खा जबडा आहे. पिल्ले आता नाहीत. तो श्वास घुबडांचा होता, हे मला पूर्ण पटले. आजी त्या रात्री कोणाशी बोलली, हेही मला तितकेच पटलेले आहे.

टाक मामीच्या देव्हाऱ्यात आहे. आजी गेल्यावर तो उतरवून ठेवला, तेव्हापासून दाराशी पान ठेवणेही थांबले. ओसरींच्या मावशी स्वतःचे नाव सांगत राहिल्या, हे वाचल्यावर मी मामीला थोरलीचे नाव विचारले. तिला ठाऊक नव्हते. मग तिने शेजारच्या वाडीतल्या नव्वदीच्या एका आजींना विचारले, आणि त्यांना ते ठाऊक होते, इतकेच नव्हे, तर थोरलीचे माहेरचे नावही ठाऊक होते. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचे श्राद्ध अविधवा नवमीला करतात. या भाद्रपदात मामी त्या दिवशी पान वाढणार आहे आणि मी त्यासाठी गावी जात आहे. घर तोवर राहणार नाही, म्हणून पान अंगणातल्या तुळशीपाशी वाढायचे ठरले आहे, आणि दोन्ही नावे मोठ्याने घ्यायची आहेत.