येशूचं पुनरुत्थान: ‘मागाहून रचलेली दंतकथा’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

पहाटवारा (धागाकर्ता):

ईस्टर जवळ आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक लांबलचक मजकूर फिरू लागतो. यंदाही आला. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्या होत्या. शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चार चरित्रं, येशूनंतर पिढी उलटून गेल्यावर लिहिली गेली, म्हणून पुनरुत्थान ही मागाहून रचलेली दंतकथा. ती कथा इजिप्तचा देव ओसायरिस आणि रोमन साम्राज्यात पुजला जाणारा मिथ्रा यांच्यावरून उचललेली. येशू क्रुसावर मेलाच नाही, त्याची कबर श्रीनगरला आहे. आणि ख्रिस्ती माणूस हे कधी तपासत नाही, कारण त्याला तपासायची भीती वाटते.

चौथी गोष्ट मला लागली, म्हणून हा धागा.

आमच्या नगरकडच्या मंडळीत (चर्चमध्ये) ईस्टरची पहिली उपासना पहाटे कबरस्तानात होते. अंधार असतो, वारा मेणबत्त्या टिकू देत नाही, बायका पदराचा आडोसा धरतात. आदल्या दिवशी प्रत्येक घरानं आपापली कबर झाडून, चुना देऊन ठेवलेली असते. पाळक म्हणतात, “प्रभू उठला आहे”, आणि सगळे म्हणतात, “खरोखर उठला आहे”. माझे वडील तिथे आहेत. तो ‘खरोखर’ खोटा असेल तर मी त्यांच्या उशाशी उभा राहून दरवर्षी खोटं बोलतो आहे. त्यामुळे तपासायची गरज मला त्या मजकूर लिहिणाऱ्यापेक्षा जास्त आहे. ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत त्या पहिल्या शतकातल्या प्रेषित पौलानंही हेच लिहून ठेवलं आहे: ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. आपल्या श्रद्धेची मान त्यानं स्वतःहून एका घटनेवर ठेवली.

श्रीनगरचं आधी संपवतो. नोटोविच या रशियन प्रवाशानं १८९४ मध्ये पुस्तक काढलं, की लडाखच्या हेमिस मठात येशूच्या भारतातल्या वास्तव्याची पोथी आपल्याला वाचून दाखवली गेली. १८९५ मध्ये आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस स्वतः हेमिसला गेले, तेव्हा तिथल्या मुख्य लामांनी ही गोष्ट साफ नाकारली. श्रीनगरमधली रोझाबलची कबर येशूची, हा दावा अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी त्याच दशकात मांडला. अहमदिया बंधूंची ती श्रद्धा आहे, तिचा मान राखतो. पण १८०० वर्षांनंतरचा दावा पहिल्या शतकाविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही.

क्रुसावरून जिवंत उतरणं अगदी अशक्य होतं असं मी म्हणत नाही. जोसेफस हा यहुदी इतिहासकार आत्मचरित्रात सांगतो, की त्याचे तीन ओळखीचे क्रुसावर दिसले, त्यानं सेनापती टायटसकडे रदबदली करून त्यांना उतरवलं. उत्तम वैद्यांचे उपचार झाले, तरी दोघे मेले, एक वाचला. आता असा एक अर्धमेला माणूस, वैद्य नाही, औषध नाही, तिसऱ्या दिवशी मित्रांसमोर लंगडत आला तर ते त्याला अंथरुणावर निजवतील. ‘मरणाला जिंकलेला प्रभू’ म्हणून त्याच्या पाया पडणार नाहीत. हा मुद्दा १९व्या शतकात डेव्हिड स्ट्राउसनं मांडला, आणि तो स्वतः चमत्कार न मानणारा होता.

ओसायरिसही लवकर आटपतो. तो परत जिवंतांत येत नाही, मृतांच्या राज्याचा राजा होतो. मिथ्राच्या तर मरणाचीच कथा सापडत नाही.

खरा मुद्दा ‘मागाहून रचली’ हा. मार्कचं शुभवर्तमान साधारण इ. स. ७० च्या आसपासचं, बाकीची त्यानंतरची, हे बहुतेक अभ्यासक मानतात, मीही मानतो. पण पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र त्याआधीचं, साधारण ५४-५५ चं. त्याच्या १५व्या अध्यायात तो म्हणतो, मला जे मिळालं ते मी तुम्हांला दिलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला म्हणजे पेत्राला दिसला, मग बाराजणांना. पुढे ५०० हून अधिक बंधूंचा उल्लेख करतो आणि सांगतो की त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. मग याकोब, मग सगळे प्रेषित, शेवटी मी.

‘मिळालं’ आणि ‘दिलं’ ही गुरूकडून शिष्याकडे पाठांतरानं जाणाऱ्या वचनाची भाषा आहे. मुखोद्गत परंपरा म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं समजावायला नको. मग पौलाला हे कुणाकडून मिळालं असेल? गलतीकरांस पत्रात तो सांगतो, की पालट झाल्यावर, म्हणजे छळ करणारा तो येशूचा अनुयायी झाल्यावर, तीन वर्षांनी तो यरुशलेमात पेत्राकडे १५ दिवस राहिला आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. म्हणजे क्रुसानंतरची पाचसहा वर्षं, फार तर थोडी अधिक. गेर्ड ल्यूडेमान या जर्मन अभ्यासकाचा पुनरुत्थानावर विश्वास नव्हता, पण ही यादी पहिल्या दोनतीन वर्षांतली असावी असं तोही म्हणतो. दंतकथेला वाढायला वेळ लागतो, आणि इथे तो वेळच मिळालेला नाही.

कृपासागर:

दादा, एक पुरावा तुम्ही विसरलात. नासरेथचा शिलालेख! कबरीतून प्रेत हलवणाऱ्याला देहदंड, असा कैसराचा (रोमन सम्राटाचा) हुकूम संगमरवरावर कोरलेला आहे. रिकाम्या कबरीची बातमी रोमपर्यंत पोचली होती, म्हणूनच हा हुकूम निघाला. आमच्या पाळकांनी प्रवचनात सांगितलं होतं.

पहाटवारा:

भाऊ, विसरलो नाही, मुद्दाम वगळला. तो दगड पॅरिसच्या संग्रहात आहे आणि ‘नासरेथहून पाठवला’ एवढीच त्याची नोंद आहे. २०२० मध्ये त्या संगमरवराची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा तो ग्रीसच्या कोस बेटावरच्या खाणीशी जुळला. तिथल्या निकियास नावाच्या एका हुकूमशहाची कबर लोकांनी उकरली होती, त्या प्रकरणाशी हुकुमाचा संबंध असावा असं संशोधक सुचवतात. आपल्या बाजूचा म्हणून कच्चा पुरावा पुढे केला, की पक्क्यावरचाही लोकांचा भरवसा उडतो. पाळकांना नम्रपणे सांगा, ते ऐकतील.

चिकित्सक:

श्रीनगर आणि मिथ्रा यांवर सहमत. आमच्या बाजूच्या लोकांनी ते थांबवायला हवं. आता माझे आक्षेप.

एक, पौलाच्या यादीत रिकामी कबर नाही आणि स्त्रियाही नाहीत. ५०० जणांपैकी एकाचंही नाव नाही, गाव नाही. करिंथमधला माणूस समुद्र ओलांडून विचारायला जाणार होता का?

दोन, मार्कच्या सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, म्हणजे सिनाईला सापडलेल्या आणि व्हॅटिकनमधल्या चौथ्या शतकातल्या प्रतींत, मजकूर १६:८ ला (१६व्या अध्यायाच्या आठव्या वचनाला) संपतो. बायका कबरीपासून पळाल्या, भ्याल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. बस. पुनरुत्थित येशू कुणाला भेटतच नाही. ९ ते २० ही वचनं नंतर जोडलेली. मग मत्तयात भेट गालीलात, लूकमध्ये यरुशलेमात. एका ठिकाणी एक तरुण, दुसरीकडे दोन पुरुष. कथा वाढत गेल्याचं यापेक्षा स्पष्ट चिन्ह कोणतं?

तीन, हा प्रश्न मनापासून विचारतोय, दुखवायला नाही. तुकोबांचं सदेह वैकुंठगमन तुम्ही मानता का? १६५० ची, म्हणजे तुमच्या घटनेपेक्षा १६०० वर्षं जवळची गोष्ट. देहूत लाखो लोक बीजेला जमतात. ते नाकारताना जी कसोटी लावता ती इथे का लावत नाही?

वसईची लेक:

चिकित्सक, स्त्रियांबद्दल मी बोलते. त्या काळच्या यहुदी समाजात स्त्रीच्या साक्षीला किंमत नव्हती, जोसेफसनं तसं स्पष्ट लिहिलंय. दुसऱ्या शतकात केल्सस या ग्रीक तत्त्वज्ञानं ख्रिस्ती लोकांची हीच टर उडवली, की तुमची साक्षीदार कोण, तर एक भ्रमिष्ट बाई. कथा रचायची असती तर कबरीशी पेत्राला नसतं का पाठवलं? चारही शुभवर्तमानांत मग्दालीया मरीया आहे. ती गैरसोयीची असूनही तिला कुणी काढलं नाही, कारण ती तिथे होती.

आणि दफनाबद्दलही. क्रुसावरच्यांना कुत्र्या-गिधाडांसाठी सोडत, त्यामुळे कबरच नव्हती, असं हल्ली बरेच जण म्हणतात. १९६८ मध्ये यरुशलेमच्या उत्तरेला गिवात हामिवतार इथे येहोहानान नावाच्या माणसाच्या अस्थींची दगडी पेटी सापडली. टाचेच्या हाडात खिळा तसाच अडकलेला. म्हणजे क्रुसावर मेलेल्या माणसाला घरच्यांनी रीतसर पुरलं होतं. मी त्या टाचेचं छायाचित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ हलले नाही. खिळ्याचं टोक वाकलंय, म्हणून तो निघाला नाही आणि हाडासोबतच पुरला गेला.

चिकित्सक:

ताई, येहोहानानचा मुद्दा चांगला आहे, मान्य. पण त्यातून ‘दफन शक्य होतं’ एवढंच सिद्ध होतं. स्त्रियांच्या बाबतीत मात्र असं बघा: प्रेताला सुगंधी द्रव्यं लावणं हे बायकांचंच काम होतं, त्यामुळे कथेत कबरीशी बायकाच जाणार. त्या न्यायालयात साक्ष देत नव्हत्या.

गोदाकाठ:

मला दोन्ही बाजूंना विचारायचंय. १६६६ मध्ये शाब्बताई त्झ्वी हा यहुद्यांचा ‘मशीहा’ तुर्की सुलतानाच्या दबावाखाली मुसलमान झाला. याहून मोठा अपेक्षाभंग कोणता? तरी त्याचे अनुयायी उरले आणि पिढ्यानपिढ्या टिकले. आशा मोडली की माणसं ती सोडत नाहीत, तिला नवा अर्थ देतात. शिष्यांचंही तेच झालं नसेल कशावरून? जिवलग माणूस गेल्यावर त्याचा आवाज ऐकू येतो, तो उंबऱ्यात उभा दिसतो. माझ्या आजीला आजोबा वर्षभर दिसत होते. ती वेडी नव्हती आणि खोटंही बोलत नव्हती.

पहाटवारा:

गोदाकाठ, तुमच्या आजीचं वाचून थांबलो. आईचंही असंच झालं होतं. वडील गेल्यावर कितीतरी संध्याकाळी ती म्हणायची, आत्ता ओसरीवर बसले होते. पण तिनं एकदाही ‘ते उठले’ असं म्हटलं नाही, आणि कबर उघडी आहे का ते बघायलाही गेली नाही. गेलेला माणूस दिसणं त्या काळच्या यहुद्यांनाही ठाऊक होतं. त्यासाठी त्यांच्याकडे ‘आत्मा’, ‘दूत’ असे शब्द होते. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पेत्र तुरुंगातून सुटून दाराशी येतो, तेव्हा आतले लोक म्हणतात, त्याचा दूत असेल. मग येशूबाबतच ‘पुनरुत्थान’ हा शब्द का? परुशी हा त्या काळचा यहुदी पंथ तो शब्द जगाच्या शेवटी सगळ्यांच्या देहांसाठी राखून ठेवी. मधेच, एकट्या माणसासाठी, तोही झाडावर टांगलेला म्हणजे शास्त्रानुसार शापित, असं कुणाच्या आशेत बसत नव्हतं.

शाब्बताईचा मुद्दा मात्र खरा आहे. ‘पराभवानंतर चळवळ टिकली म्हणजे पुनरुत्थान झालंच’ हे वाक्य मी यापुढे वापरणार नाही. मात्र त्याच्या लोकांनी श्रद्धा टिकवली ती, धर्म बदलणं हीच मशीहाची गुप्त योजना होती, असं म्हणून. अर्थ बदलून निभावलं. शिष्यांनीही ‘क्रूस हीच योजना’ एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. ते थांबले नाहीत.

चिकित्सक, तुकोबांचा प्रश्न टाळत नाही. आमच्या आळीत दोन माळकरी घरं होती, बीजेच्या दुपारी बाराला देहूतलं नांदुरकीचं झाड हलतं हे मी लहानपणी त्यांच्याच ओट्यावर ऐकलं. ‘असं होऊच शकत नाही’ हे मी म्हणणार नाही. ते म्हटलं तर ज्या फांदीवर बसलोय तीच तोडली. मी विचारेन ते असं: सगळ्यात जुनी नोंद कोणाची, घटनेनंतर किती वर्षांची, आणि ज्याला ते पटायला नको होतं अशा कुणाला पटलं का? इथे पौल आहे, मंडळीचा छळ करणारा. याकोब आहे, ज्याच्या घरच्यांना येशूला वेड लागल्यासारखं वाटत होतं असं मार्कच सांगतो. तो पुढे यरुशलेमच्या मंडळीचा खांब होतो आणि इ. स. ६२ मध्ये त्याला दगडमार होते. ही शेवटची नोंद जोसेफसची, आमच्यातल्या कुणाची नाही. तेच प्रश्न देहूबद्दल विचारून वारकऱ्यांना समाधानकारक उत्तरं मिळत असतील तर त्यांच्याशी वाद घालायला मी जाणार नाही.

मार्क १६:८ बाबत तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. ९ ते २० मी पुरावा म्हणून कधी वापरत नाही. पण सहावं वचन त्याच जुन्या प्रतींत आहे: “तो उठला आहे, तो येथे नाही.”

चिकित्सक:

हे प्रामाणिक उत्तर आहे, आवडलं. आता सगळ्यात अवघड ठिकाण. पौल स्वतःचा दिमिष्कच्या (दमास्कसच्या) वाटेवरचा, ज्यानं त्याचा पालट झाला तो अनुभव त्याच यादीत घालतो आणि पेत्रासाठी वापरलेलं ‘दिसला’ हेच क्रियापद स्वतःसाठीही वापरतो. प्रेषितांच्या कृत्यांप्रमाणे पौलाला प्रकाश दिसला, आवाज ऐकू आला. मग पेत्रालाही तसंच दर्शन झालं असेल. मासे खाणारा, जखमा दाखवणारा येशू नंतर लूक-योहानात येतो. पौल तर त्याच अध्यायात ‘आध्यात्मिक शरीर’ म्हणतो.

पहाटवारा:

यावर मी वर्षभर अडकलो होतो.

पौलाला दर्शनं माहीत होती. दुसऱ्या करिंथ पत्राच्या १२व्या अध्यायात तो तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलल्या गेलेल्या माणसाचं सांगतो, जाणकार म्हणतात तो स्वतःच. तिथे तो दोनदा म्हणतो, शरीरात की शरीराबाहेर, मला ठाऊक नाही. ते सांगतानाही त्याला संकोच वाटतो. हा अनुभव तो या यादीत घालत नाही. यादीत मात्र ‘सर्वांत शेवटी मला’ म्हणतो, म्हणजे ते दिसणं त्याच्यानंतर बंद झालं, दर्शनं मात्र चालू होती. दोन्हींत फरक आहे हे तो स्वतः जाणतो.

‘आध्यात्मिक शरीर’ याआधी तो दाण्याचा दाखला देतो. गव्हाचा दाणा पेरला जातो आणि देव त्याला शरीर देतो. नाशवंत असं पेरलं जातं, अविनाशी असं उठवलं जातं. पेरलेलं आणि उठवलेलं एकच आहे. शेतात पेरलेला दाणा जमिनीतच ठेवून त्याचं नुसतं दर्शन उगवत नाही. यादीतही तो आधी ‘पुरला गेला’ म्हणतो, मग ‘उठवला गेला’. पौलासारखा परुशी माणूस हे दोन शब्द लागोपाठ लिहितो, तेव्हा जे पुरलं तेच उठलं असं त्याला म्हणायचं असतं. रिकामी कबर हे शब्द तिथे नाहीत, हे तुमचं खरं.

दर्शन आणि देह यांत पौलाच्या मनात नेमकी रेघ कुठे होती, हे मला पुरतं उलगडलंय असा माझा दावा नाही. ते दोन अध्याय शेजारी ठेवून तुम्हीही वाचा, आणि वेगळं दिसलं तर इथे लिहा.

रविवारी पहाटे कबरस्तानात शास्त्रवाचन माझ्याकडे आहे. मार्कच वाचणार आहे, आठव्या वचनापर्यंत. त्या बायका भ्याल्या, इथे पुस्तक मिटणार. मग पाळक म्हणतील ते म्हणतील.