शब्दचर्चा: वस्तऱ्याचं ‘पाणी’ आणि ‘धार’

नवीपेठ: नमस्कार मंडळी. सोलापूरच्या मंगळवार बाजारात जुन्या सामानाच्या पथारीवर कधीमधी अखंड पात्याचा, मुठीत मिटणारा वस्तरा दिसतो. विकणारा ठासून सांगतो, ‘धार गेलीय, पण पाणी हाय,’ आणि भाव चढवतो. धार आणि पाणी यांत नेमका फरक काय? आणि पाणी आहे की नाही हे ओळखायचं कसं?

निसणा: धार ही कडेची अवस्था, पाणी हा पोलादाचा गुण. धार वापराने जाते आणि निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, परत येते. पाणी म्हणजे पोलाद लाल तापवून विझवल्यावर आलेला कडकपणा. नुसतं विझवलेलं पोलाद फार ठिसूळ असतं, म्हणून ते पुन्हा दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून ठिसूळपणा कमी करतात. पुढे कधी त्याहून बरंच जास्त तापलं की कडकपणा जातो, त्यालाच ‘पाणी उतरलं’ म्हणायचं. नव्याने पाणी द्यायचं तर पातं परत लाल करावं लागतं. वस्तऱ्याची कड इतकी पातळ असते की त्यात ती वाकते किंवा तडकते. म्हणून धार गेलेला वस्तरा खुशाल घ्यावा, पाणी उतरलेला घेऊ नये.

चाटीगल्ली: निसणा यांचं बरोबर आहे, पण बाजारात हा शब्द दुसऱ्याच अर्थाने खपवला जातो. मोत्याचं पाणी म्हणतो ना, तो अर्थ: झळाळी. पातं उन्हात धरायचं, चमक दाखवायची आणि ‘पाणी बघा’ म्हणायचं. चमकेचा कडकपणाशी काही संबंध नाही. उलट बऱ्याचदा चमक आणताना कडकपणा जातो! जुना वस्तरा विकायला काढण्याआधी बफच्या, म्हणजे घासून चमक आणायच्या, चाकावर धरतात. पाठ जाड असल्याने उष्णता पचवते, कड मात्र काही सेकंदांत तापते. सगळ्यात आधी टोक तापतं, कारण तिथून उष्णतेला पसरायला जागाच नसते. तापलेल्या पोलादावर रंग चढतात: साधारण 220 अंशांना फिकट पिवळा, 280 च्या सुमारास जांभळा, 300 च्या आसपास निळा. टोकाशी किंवा कडेला निळसर झाक दिसली की तेवढा भाग मऊ झाला समजा.

पण झाक नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. पुढच्या बफिंगमध्ये रंग पुसला जातो. अशा वेळी कारखान्याचा शिक्का बघायचा. तो पातं मुठीला जोडणाऱ्या खिळ्याजवळच्या दांड्यावर ठोकलेला असतो. अक्षरांच्या कडा बुजल्या असतील, पात्याचे कोपरे गोल झाले असतील, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पात्यावर सरळ न दिसता लाटांसारखं दिसत असेल, तर चाक जोरात चाललंय. त्यापेक्षा काळपट पडलेलं, कुणी हात न लावलेलं पातं मी केव्हाही आधी उचलेन.

नवीपेठ: म्हणजे उभ्याउभ्या पाणी तपासता येत नाही?

निसणा: खात्रीने नाही. ते दगडावर कळतं. हजार नंबरच्या दगडावर दहा-बारा फेऱ्या हलक्या हाताने दिल्या की मऊ भागाची कड दुमडते आणि तिथे नखाला लागेल अशी तार येते. कडक भागावर ती जवळजवळ येतच नाही. विकणारा काही दगड घेऊन बसलेला नसतो, तेव्हा बफ केलेला वस्तरा दिसला की पाणी गेलंय असं धरूनच भाव करावा.

उभ्याउभ्या तपासायच्या गोष्टी वेगळ्या. पहिली चीर. खोलगट घासलेल्या पात्यात कडेपासून वर जाणारी केसाएवढी चीर सरळ बघून दिसत नाही, उजेड तिरका घेऊन दहापट भिंगातून दिसते. सराफ वापरतात तेच भिंग चालतं. चीर असली तर वस्तरा फुकटही घेऊ नये, कारण निसताना तो तुकडा निघतो. दुसरी गोष्ट गंज. पाठीवर किंवा दांड्यावर असेल तर दिसायला वाईट, एवढंच. कडेपासून दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्यात गंजाचे खड्डे असतील तर दरवेळी धार लावताना नवा खड्डा कडेवर येतो आणि धारेला दाते पडत राहतात. तिसरी गोष्ट, कड सपाट काचेवर हलकेच टेकवून उजेडासमोर धरा. मध्ये फट दिसली तर पोट आत गेलंय. ते सरळ करायला दोन्ही बाजूंचं चांगलं पोलाद घासून टाकावं लागतं. याउलट कड मध्यभागी जरा फुगीर असेल तर ती खोट नव्हे, बरेच जुने वस्तरे मुळातच तसे घडवलेले असतात.

वर्कशॉपवाला: ‘झीज’ या शब्दालाही माप आहे. वस्तरा निसताना पाठ आणि कड दोन्ही दगडाला टेकतात, म्हणजे धारेचा कोन पाठीची जाडी ठरवते. पातं पाच अष्टमांश इंच, म्हणजे जवळपास 16 मिलिमीटर रुंद आणि पाठ 4.5 मिलिमीटर जाड असेल तर कोन 16 अंश येतो. हे ठीक. कुणी दाबून निसल्यामुळे पाठ 3.5 वर आली असेल आणि रुंदी तशीच असेल, तर कोन साडेबारा अंश होतो. अशी कड बारीक-बारीक तुटत राहते. पाठ शाबूत पण रुंदी 13 वर आली असेल तर कोन साडेएकोणीसच्या वर जातो आणि वस्तरा गालावर ओढतो. व्हर्नियर (जाडी-रुंदी मोजायचं साधन) जवळ ठेवा, कड वाचवून तीन ठिकाणी मोजा: टोकाशी, मध्ये, मुठीकडे. पाठीवर निसण्याने पडलेला सपाट पट्टा दोन्ही बाजूंना सारखा आणि मिलिमीटरच्या आत असला तर काळजी नको. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला नाहीच, असं असेल तर पात्याला बाक आहे.

बाळीवेस: मूठही बघा. पातं मिटल्यावर दोन फळ्यांच्या मधोमध बसलं पाहिजे, नाहीतर कड फळीला लागते आणि उघडमिट करतानाच दाता पडतो. पातं बाहेर स्वच्छ आणि मुठीत झाकलेल्या भागावरच गंज, असं दिसलं तर मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे एका जुन्या प्लास्टिकची, असण्याचा दाट संशय घ्या. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो. ते कुजायला लागलं की आम्लयुक्त वायू सुटतो आणि तोच पातं खातो. ते चटकन पेटतंही, म्हणून सुई तापवून परीक्षा करू नका. कोमट पाण्याखाली धरून कापराचा वास येतो का बघणं पुरेसं. अशी मूठ बदलावीच लागते, तो खर्च भावातून वजा करा. आणि हस्तिदंत म्हणून कुणी दाखवलं तर विषय तिथेच सोडा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली भारतात त्याचा व्यापार बेकायदा आहे.

चाटीगल्ली: ‘वस्तरा’ शब्दाचंही सांगून टाकतो. मूळ फारसी उस्तुरा. पण आज सलूनमध्ये वस्तरा म्हणजे अर्धं ब्लेड अडकवायचं हत्यार. जाहिरातीत नुसतं ‘जुना वस्तरा’ असेल तर ‘अखंड पात्याचा का?’ हे आधी विचारा. आपल्याकडे कन्नड किंवा तेलुगू बोलणारा विक्रेता ‘कत्ती’ म्हणेल. मराठी कानाला ती कोयत्याएवढी वाटते, पण त्या दोन्ही भाषांत चाकूलाही कत्तीच म्हणतात.

नवीपेठ: आणि शिक्क्यावरून भाव किती बदलतो?

निसणा: बदलतो, पण पातं धड असेल तरच. इंग्लंडमधल्या शेफील्डचे जोसेफ रॉजर्स (तारा आणि माल्टीज क्रॉस ही त्यांची खूण) आणि वेड अँड बुचर, जर्मनीतल्या झोलिंगेनचे हेंकेल्स, स्वीडनमधल्या एस्किल्स्टूनाचे हेल्येस्ट्रांड यांना मागणी असते. ‘रॉस्टफ्राय’ असा शिक्का असेल तर ते न गंजणारं पोलाद, म्हणजे विसाव्या शतकातलं. एकोणिसाव्या शतकाचा म्हणून त्याचा भाव देऊ नका. नामांकित शिक्का आणि कडेला चीर, यापेक्षा अनोळखी शिक्का आणि पूर्ण रुंदीचं पातं घ्या.

बाळीवेस: घरी आणल्यावर खोबरेल लावू नका, ते खवट होऊन चिकट थर धरतं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्याला, एक खिळ्यात. आणि चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, चामडं ओल धरतं.