दोन मोठे कोई मासे एका रात्रीत वाकडे झाले, बारके मात्र ठणठणीत. काय असेल?

तळ्यावरची आजी (गोरेगाव पूर्व)

आमच्या गेटाजवळ बिल्डरने 'कमळाचं तळं' म्हणून हौद बांधून दिलाय. १० बाय ६ फूट, खोली अडीच फूट, मधोमध कारंजं. कमळ एकदाही फुललं नाही, डास मात्र झाले. म्हणून आधी गप्पी सोडले, मग चार वर्षांपूर्वी क्रॉफर्ड मार्केटातून दोन कोई आणले. गेल्या दिवाळीनंतर आणखी नऊ बारके. देखभाल माझ्याकडे, कारण मीटिंगमध्ये हात वर करण्याचा मूर्खपणा मीच केला.

सोमवारी रात्रभर पाऊस कोसळत होता. मंगळवारी सकाळी सव्वासहाला दाणे टाकले तर 'वकील' वर आलाच नाही. (पांढरा अंगरखा, गळ्याशी काळा पट्टा, म्हणून वकील.) एरवी माझी चप्पल वाजली तरी तोंड उघडून हजर असतो. वाकून पाहिलं तर पाठीवरच्या पंखामागून सगळं अंग डावीकडे वळलेलं, विळ्यासारखं. शेपूट मारतो, पण सरळ जाता येत नाही, स्वतःभोवतीच फिरतो. अंग वाकलंय तिथे एक खवला निघालाय आणि कातडीखाली जांभळट डाग आहे. दुसरी केशरी, तीही तशीच, जरा कमी. दोघं फूटभराचे. नऊ बारके आणि गप्पी यांना काहीही झालेलं नाही.

आणखी दोन गोष्टी सांगून टाकते, नंतर बोलणी खायला नकोत. आठ दिवसांपूर्वी माशांच्या अंगावर सुतासारखे अँकर वर्म (चिकटून राहणारे परजीवी) दिसले, तेव्हा दुकानदाराने बिननावाची पुडी दिली, ती मी टाकली. आणि दाण्यांची पिशवी गेल्या वर्षी उघडलेली आहे. माझंच चुकलं का?

काचेपलीकडे

दाणे आधी बदला, आजी. उघड्या पिशवीतलं व्हिटॅमिन सी दमट हवेत लवकर उडून जातं आणि ते कमी पडलं की माशांचे मणके वाकतात. मुंबईच्या पावसाळ्यात तर पिशवीला महिन्याभरात कुबट वास येतो. थोडे थोडे आणा, घट्ट डब्यात ठेवा. पण हा वाक हळूहळू येतो, आणि बहुधा वाढीच्या वयातल्या पिल्लांत. एका रात्रीत नाही.

बाकी वाकड्या माशाचं कुणाला काय? बलून मॉली हा शोभेचा मासा म्हणजे मुद्दाम आखूड वाकड्या कण्याची पैदास, आणि लोक 'क्यूट' म्हणून जास्त पैसे मोजतात.

पावशेर मीठ

मला पुडीचा संशय आहे. अँकर वर्मसाठी बरेचदा ऑर्गॅनोफॉस्फेट देतात, शेतातल्या कीटकनाशकांच्या जातीचं. डोस जास्त झाला तर स्नायू आखडून कणा वाकतो. बिननावाची पुडी तळ्यात टाकायची नाही, कुणीही दिली तरी.

आणि हातमोजे घाला. माशांच्या टीबीतही पाठ वाकते, फक्त त्यात मासा आधी खंगतो, जखमा होतात. ते जंतू आपल्या हातावरच्या जखमेत शिरले तर महिनोन्‌महिने न जाणारी गाठ येते.

निवृत्त वायरमन

मला माशांतलं फारसं कळत नाही, पण पाणी आणि वायर जन्मभर पाहिली. औषध आठ दिवसांपूर्वीचं आणि वाकले पावसाच्या रात्री. औषधच असतं तर बारके सगळे ठणठणीत कसे राहिले? फक्त मोठेच का?

कारण करंट. पाण्यातून वीज जाते तेव्हा माशाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत जेवढं अंतर, तेवढा व्होल्टेजचा फरक त्याच्या अंगावर येतो. फूटभर कोईला जे बसतं त्याचा बारावा हिस्सा इंचभर गप्पीला. दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आवळतात आणि मणका त्यात मोडतो. तुमचा तो जांभळट डाग तिथलाच रक्तस्राव असणार.

आजी, कारंज्याचा पंप मेनवरून बंद करा. आत्ता, हे वाचता वाचता. तोवर पाण्यात बोटही घालू नका, आणि टेस्टर बुडवून बघायची हौसही कुणी करू नका. मग वायरमन बोलवा आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) आहे का विचारा.

तळ्यावरची आजी (गोरेगाव पूर्व)

काका, तुमचं वाचून तशीच खाली पळाले आणि वॉचमनकडून मेन बंद करवला.

वायरमन आज आला. कारंज्याशेजारची फरशी उचलली तर खाली केबलचा जोड, नुसत्या काळ्या टेपने गुंडाळलेला. टेप शेवयांसारखी सुटून आली. आरसीसीबी नव्हताच. ज्यांनी पंप बसवला त्यांना फोन केला तर म्हणे, 'मॅडम, चार वर्षं चाललं ना?'

वकील आणि केशरी सध्या माझ्या बाल्कनीत, २०० लिटरच्या ड्रममध्ये. क्लोरीन उडायला पाणी एक दिवस हवा सोडून ठेवलं, ६०० ग्रॅम खडे मीठ घातलं. (हौदात एवढं मीठ घातलं असतं तर उरलीसुरली पानंही गेली असती.) केशरीने आज चार दाणे खाल्ले. वकील अजून फिरतोच आहे.

पावशेर मीठ

पुडीवरचा आरोप मागे. मोडलेला कणा सरळ होत नाही, आजी, पण खायला लागले तर वाकडेच बरीच वर्षं जगतात. दाणे अगदी तोंडापुढे टाका. आठवड्याभरात वकिलाने काहीच खाल्लं नाही तर मात्र त्याला ताटकळत ठेवू नका.

तळ्यावरची आजी (गोरेगाव पूर्व)

बरं. आठवडाभर बघते.

एक सांगायचं राहिलं, सांगायला लाज वाटते. पंधरा दिवसांपूर्वी माळी म्हणाला होता, 'बाई, हौदातली पानं काढताना बोटं झिणझिणतात.' मी त्याला म्हटलं, वय झालं तुझं, साखर तपासून घे. त्याने खरंच तपासली. आज फरशी उचलताना तो शेजारीच उभा होता, खिशातून रिपोर्ट काढून माझ्या हातात दिला. नॉर्मल.