‘वीस’ (Wies) चर्चच्या छताचं श्रेय
वर कुणीतरी म्हटलंय की जर्मनीत बव्हेरियातल्या ‘वीस’ नावाच्या चर्चचं सगळं श्रेय वास्तुकार डॉमिनिकुस त्सिमरमानला, भावाने नुसतं छत रंगवलं. अर्धंच पटलं. थोरला भाऊ योहान बाप्टिस्ट (१६८०–१७५८) मुळात वेसोब्रुनचा, त्या गावात गिलाव्याचं नक्षीकाम पिढीजात, आणि तो नक्षी नि चित्रं दोन्ही करायचा, म्हणून ‘वीस’मध्ये नक्षी कुठे संपते नि चित्र कुठे सुरू होतं ते खालून पटकन कळतच नाही.

छताची गोष्ट तर अजून भारी, ती दगडी कमान नाहीच, लाकडी सांगाड्यावरचा बऱ्यापैकी सपाट गिलावा आहे, आकाशाची खोली सगळी रंगाची! इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त, रिकामं सिंहासन, बंद दार, आणि हे रंगवणारा माणूस सत्तरीपार.