गणपतीला गावी निघण्याआधी सोसायटीत गाडीवाल्यांचा सराव : किट वाटावं की पेटी ठेवावी?

प्रश्न – बी_विंग_पार्किंग
पुण्यात कर्वेनगर भागातली सोसायटी, ४१ चारचाक्या. निम्म्या तरी गणपतीला ताम्हिणी नाहीतर कुंभार्लीतून खाली उतरतात. त्याआधीच्या एका रविवारी सकाळी अडीच तासांचा कार्यक्रम ठरतोय. कमिटीने १५ हजार मंजूर केलेत. काहींना प्रत्येक गाडीला तयार किट द्यायचंय, काहींना वॉचमनच्या केबिनमध्ये एकच मोठी पेटी हवीय. एका जाणकारांचं भाषणही घाटतंय. किटमध्ये नेमकं काय हवं आणि तेवढ्या वेळात काय शिकवून होईल?

उत्तर – स्टेपनी_खाली
१५ हजारांत ४१ किट म्हणजे गाडीमागे ३६५ रुपये. त्यात हवा भरायचा खेळण्यातला कंप्रेसर आणि केसाएवढ्या तारेची जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर आपली गाडी चालू करायची तार) येते. ते सोडा, भाषणही सोडा. पहिला अर्धा तास प्रत्येकाला स्वतःची डिकी रिकामी करायला लावा. निम्मं किट कंपनीने दिलेलंच असतं : जॅक, पाना, टोइंग हुक, लाल परावर्तक त्रिकोण. त्रिकोण बहुधा कार्पेटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीतच पडलेला असतो.

डिकीत चार गोष्टी बघा. स्टेपनीत हवा (वर्षभर कोणी बघत नाही, दारावरच्या स्टिकरपेक्षा २-३ पीएसआय जास्त ठेवा). अलॉय चाकं असतील तर लॉक नटची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या खास नटची) चावी; ती सर्व्हिसिंगनंतर परत येतेच असं नाही. सीएनजी असेल तर टाकीच्या मागची स्टेपनी सामान भरल्यावर निघते का. आणि मुळात स्टेपनी आहे का : २०२० च्या नियमानंतर हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या गाड्यांना ती नसली तरी चालते. मालकाला हे रस्त्यावर कळू नये.

मग दहा-दहाचे चार गट, चार टेबलं, अर्धा अर्धा तास : चाक, पंक्चर, बॅटरी, आग.

चाकाच्या टेबलावर प्रत्येकाने निदान एक नट स्वतः सोडवावा. पंक्चरवाले एअर गनने इतके आवळतात की कंपनीच्या छोट्या पान्याने ते हलत नाहीत. १७, १९, २१ चा क्रॉस पाना असेल तर जोर लागतो. क्रम असा : हँडब्रेक, पहिला गिअर, पंक्चर चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड, नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल, मगच जॅक. पावसात साइडपट्टीची माती दबते, जॅक तिरका होतो आणि गाडी सरकते. म्हणून फूटभर चौरस, १८ मिमी प्लायचा तुकडा डिकीत ठेवा. सुताराकडे उरलेला फुकट मिळेल.

पंक्चरला पंक्चरवाल्याकडून भंगार टायर आणा. चांगल्या टायरवर कोणी सुंभा (भोकात चिकट रबरी दोरी घालायचं हत्यार) मारून बघू नये. दोरीची दोन्ही टोकं सेंटिमीटरभर बाहेर ठेवून सुंभा झटक्यात ओढायचा. हे फक्त चालत्या पट्ट्यावर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावर. बाजूच्या भिंतीला भोक असेल तर दोरी टिकत नाही. आणखी एक, खिळा दिसला की उपटायची घाई नको. हवा हळू जात असेल तर तो आतच राहू द्या, हवा भरा आणि दुकान गाठा. कंप्रेसर इंजिन चालू ठेवून वापरा, दहा मिनिटांनी थंड होऊ द्या.

उत्तर – आटे_उलटे
बॅटरीच्या टेबलाबद्दल. जंपर केबलचा लाल चिमटा मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचा काळा मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला. हा चौथा चिमटा सगळे बॅटरीलाच लावतात. ठिणगी तिथे पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन तिथेच निघत असतो. हायब्रिड गाडीवरून दुसऱ्याची गाडी चालू करू नका. इलेक्ट्रिकवाल्यांनाही याच टेबलावर बसवा, त्यांच्या गाडीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती बसली तर गाडी उठत नाही.

टोइंग हुक बसवून बघा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, लोक जोर लावून ते खराब करतात.

उत्तर – घाट_उतार
त्रिकोण गाडीच्या मागे पाच पावलांवर ठेवतात, तो कुणासाठी? महामार्गावर निदान ५० मीटर, म्हणजे ६५-७० पावलं. घाटात वळणाच्या अलीकडे, येणाऱ्याला वळायच्या आधी दिसेल असा. चालत जाताना तो छातीशी उघडा धरा. माणसं कठड्यापलीकडे उभी करा, गाडीत बसवू नका. आणि निघताना चाकाखालचे दगड उचला! रात्री दुचाकीवाला त्यावरच जातो.

ताम्हिणीत बराच पट्टा रेंज नाही, नकाशा आधीच उतरवून घ्या. ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे कागदावर लिहून सनशेडला लावा. फोनवर जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, ‘हॉटेलच्या पुढे’ म्हणू नका.

प्रश्नकर्ता – बी_विंग_पार्किंग
आगीचं टेबल पार्किंगमध्ये कसं करणार?

उत्तर – स्टेपनी_खाली
सोसायटीचे आग विझवायचे जे सिलिंडर रिफिलिंगला जायचे आहेत तेच त्या रविवारी वापरा. गाड्यांपासून लांब, वारा पाठीवर घेऊन. त्यातली पावडर धातूला खाते. गाडीसाठी १ किलोचा एबीसी, आयएसआय मार्क बघून. दर दोन महिन्यांनी उलटा करून हलवा, नाहीतर खड्ड्यांच्या धक्क्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते. बोनेटमधून धूर आला तर बोनेट पूर्ण उघडायचं नाही, फटीतून मारा.

पैसे पेटीत घाला : २५ चौरस मिमी तांब्याची जंपर केबल, दोन क्रॉस पाने, एक बरा कंप्रेसर, टो पट्टा, परावर्तक जॅकेटं सहा. औषधाच्या गोळ्या पेटीत ठेवा, गाडीत नको. उन्हात खराब होतात. वही आणि पेन दोरीने पेटीला बांधा, फ्लॅट नंबर लिहिल्याशिवाय वॉचमनने काही देऊ नये. पहिल्या महिन्यात जाते ती केबलच.