दोन डॉक्टरांच्या बीपीच्या गोळ्या एकत्र गेल्या, नाडी ४४

प्रश्न (सावदा, ता. रावेर):
आजी ७२ वर्षांची. गावातल्या डॉक्टरांची अटेनोलॉल ५० सुरूच होती, त्यात जळगावहून मेटोप्रोलोल एक्सएल ५० आणि टेल्मिसार्टन ४० लिहून आली. तिन्ही घेतेय. उन्हामुळे दोन दिवस जुलाब, लघवी कमी. आज नाडी ४४, बीपी ९२/५८, उठली की डोळ्यांपुढे अंधारी. सकाळच्या गोळ्या घेऊन झाल्यात. गोळ्या थांबवून घरीच नारळपाणी देत राहू का?

फार्मासिस्ट, भुसावळ:
भाऊ, घरी थांबू नका, आधी १०८ ला फोन करा. अटेनोलॉल आणि मेटोप्रोलोल दोन्ही बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी आणि बीपी खाली आणणारी एकाच गटातली औषधं, म्हणून एकच औषध दुप्पट गेल्यासारखं. एक्सएल गोळी दिवसभर हळूहळू सुटते, त्यामुळे संध्याकाळी नाडी आणखी खाली जाऊ शकते. आडवं झोपवा, उलटी काढू नका, एकटीला मोरीत जाऊ देऊ नका. दुचाकीवर तर मुळीच नेऊ नका, वाटेत शुद्ध गेली तर? सगळ्या स्ट्रिप्स, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घ्या.

आयसीयू डॉक्टर, धुळे:
नारळपाणी आणि केळी आत्ताच बंद करा, दोन्हींत पोटॅशियम भरपूर. अटेनोलॉल लघवीवाटे बाहेर पडतं. जुलाबाने किडनी मंदावली की रक्तात साठतं. टेल्मिसार्टनने पोटॅशियम वाढतं. साठलेलं अटेनोलॉल आणि चढलेलं पोटॅशियम मिळून नाडी पाडतात, नाडी पडली की किडनीला रक्त आणखी कमी पोचतं, मग औषध आणि पोटॅशियम दोन्ही अजून चढतात. उन्हाळ्यात आपल्याकडे हे ध्यानात ठेवायलाच हवं.
पोचताच ईसीजी, पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), शुगर मागा. पोटॅशियम चढलं असेल तर शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट, मग इन्सुलिन-ग्लुकोज. नाडीसाठी अ‍ॅट्रोपिन १ मिग्रॅ, ३ ते ५ मिनिटांनी पुन्हा, एकूण ३ मिग्रॅपर्यंत. बीटा ब्लॉकर जास्त झाल्यावर ते बऱ्याचदा पुरत नाही. अ‍ॅड्रेनालिन किंवा तात्पुरता पेसमेकर लागू शकतो. म्हणून पेसिंगची सोय असलेल्या ठिकाणीच न्यायला सांगा.

प्रश्नकर्ता:
गाडी आली, निघतोय. या गोळ्या आता कायमच्या बंद ना?

फार्मासिस्ट, भुसावळ:
आज पुढचा डोस देऊ नका, पण कायमचं बंद करायचं आपल्या मनाने ठरवू नका. बीटा ब्लॉकर एकदम सोडलं की नाडी आणि बीपी उसळतं, हृदयाचा आजार असेल तर छातीत दुखूही शकतं. दोन्हींतली कोणती ठेवायची, की एकही नाही, ते तिथले डॉक्टर ठरवतील. पुढे प्रत्येक स्ट्रिपवर ब्रँडच्या नावासोबत छापलेलं औषधाचं मूळ नाव वाचा. दोन स्ट्रिप्सवर शेवट 'लॉल' किंवा 'लोल' दिसला, तर विचारल्याशिवाय दुसरी सुरू करू नका.