देवयानीवर ‘आत्ता’ काय चाललं असेल?

गंगापूररोडकर:
परवा अंजनेरीच्या पायथ्याला मुक्कामी गेलो होतो, बरोबर भाची, नववीत आहे. पाऊस संपून आकाश एकदम धुतल्यासारखं झालेलं. ग्रुपमधल्या एकाने भाद्रपदांचा चौकोन दाखवला आणि तिथून सरकत सरकत देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या तारासमूहाचा, तो धुरकट ठिपका. २५ लाख प्रकाशवर्षं लांब, म्हणजे आपल्या डोळ्यात शिरतोय तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. इथपर्यंत ठीक. मग भाची म्हणते, मामा, तिथे आत्ता काय चाललं असेल? म्हटलं ते कळायला अजून २५ लाख वर्षं थांब. तर म्हणे ते कळलं मला, पण आपल्याला दिसो न दिसो, आत्ता काहीतरी चालू असेलच ना? मी हो म्हणालो आणि तो ग्रुपवाला हसला, म्हणाला तसं सरळ हो म्हणता येत नाही, आणि गेला चहा टाकायला! आता मी काय चुकीचं बोललो ते कोणी सांगेल का. आणि दुसरं, विश्व पसरतंय तर कशात पसरतंय? फुगा आणि मनुक्यांचा ब्रेड ही उदाहरणं कृपा करून नकोत, फुग्याबाहेर खोली असते आणि ब्रेडबाहेर ओव्हन.

पंचवटीतला:
भाऊ तुम्ही देवयानीचं घेऊन बसलात, मला घरचं टेन्शन आलंय. गुरू सिंह राशीत गेला की आपला सिंहस्थ. आता गुरूचा उजेड यायलाच ३५ ते ५२ मिनिटं लागतात, गुरू किती लांब आहे त्यावर. म्हणजे मुहूर्त दर वेळी पाऊण तास लेट की काय 😄

फिजिक्सवाली:
@पंचवटीतला, हसू नका, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. गुरू सिंहेत ‘शिरतो’ म्हणजे गुरूवर काहीच घडत नाही हो, तिथे ना दार ना उंबरठा. पृथ्वीवरून बघणाऱ्याला तो आकाशाच्या त्या भागात दिसायला लागतो, एवढंच. बघणारा काढला की घटनाच शिल्लक राहत नाही, मग लेट कशाला होईल.

आता भाचीचं. आपण धरून चालतो की सगळ्या विश्वात एकच मोठं घड्याळ टांगलंय आणि आपल्याला फक्त बातमी उशिरा कळते. आइनस्टाइनने १९०५ मध्ये हेच घड्याळ काढून टाकलं. लांबच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या की नाही, हे तुम्ही कसे फिरताय त्यावर ठरतं, आणि हा उजेडाच्या उशिराचा हिशोब वजा केल्यावरसुद्धा फरक उरतो, लोकांची गल्लत नेमकी इथेच होते. नाशिकमध्येच करून बघा. देवयानी आपल्याकडे ईशान्येला उगवते, म्हणजे साधारण ओझरच्या बाजूला. ती उगवताना एकजण द्वारका चौकात उभा, एकजण तिथूनच ओझरच्या दिशेने ताशी ५ किमीने चालतोय आणि तिसरा तसाच इगतपुरीच्या दिशेने. तिघं एकमेकांना खेटून असताना विचारा, देवयानीवर ‘आत्ता’ कुठला दिवस? ओझरवाल्याचा आत्ता उभ्या असलेल्याच्या चारेक दिवस पुढे, इगतपुरीवाल्याचा चारेक दिवस मागे. वेग किरकोळ आहे पण अंतर इतकं अफाट की फरक मिनिटांत राहतच नाही.

जुना_ओझरकर:
ताई चार दिवस जरा जास्तच होतंय. मी चाललो म्हणून तिथे आठवडा बदलतो होय? असं असेल तर घड्याळं विकून टाकू.

फिजिक्सवाली:
काका, तिथे काहीच बदलत नाही. बदलते तुमची तारखांची रेघ, ‘याच्या बरोबर ते’ अशी आपण इथून तिथवर ओढतो ती. तिघांपैकी कोणालाच तिथली काही बातमी आधी मिळत नाही, त्यामुळे भांडण लागायचा प्रश्नच नाही. आणि घड्याळाचं म्हणाल तर मोबाईलमधला मॅप उघडा. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं आपल्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, वेगामुळे थोडी मागे पडतात आणि उंचावर गुरुत्व कमी म्हणून त्याहून जास्त पुढे जातात. ते दुरुस्त केलं नाही तर रोज दहाएक किमीची चूक साठत जाईल, निघाल सीबीएस बस स्टँडला आणि मॅप म्हणेल सिन्नर जवळ आलं.

जुना_ओझरकर:
ते ३८ चं पटलं. तसं वेळेचं आपण आपलं ठरवलेलंच असतं म्हणा, भारतीय वेळ ८२.५ रेखांशाची, नाशिक ७३.८ वर, म्हणजे सूर्य इथे डोक्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी. आमचे आजोबा उन्हाकडे बघून जेवायला बसायचे, आजी घड्याळाकडे बघून वाढायची, रोजची कटकट. पण ती सोयीची वेळ होती हो, ताईंचं प्रकरण वेगळं दिसतंय.

फिजिक्सवाली:
हो वेगळंच. आजी-आजोबांना निदान एका ग्रीनविचच्या वेळेवर आणता येतं, इथे तसं सगळ्यांचं एक घड्याळच नाही.

अंजनेरी_ट्रेकर:
तो चहा टाकायला गेलेला मीच 🙏 पाणी उकळलं होतं. दुसऱ्या प्रश्नाचं मी घेतो. १, २, ३, ४ असे आकडे न संपणाऱ्या रेषेवर मांडा आणि प्रत्येकाची दुप्पट करा. शेजाऱ्यांमधलं अंतर वाढलं, पण रेषेला बाहेरून जागा आणावी लागली का? आधीही न संपणारी, नंतरही न संपणारी. विश्व खरंच अनंत आहे का ते ठरलेलं नाही, पण पसरायला बाहेर जागा लागतेच असं नाही एवढं यातून कळतं. आणि पसरतंय ते दीर्घिकांच्या समूहांमधलं अंतर, नाशिक-मुंबई नव्हे, तो रस्ता वेगळ्या कारणाने लांब वाटतो. देवयानी तर उलट आपल्याकडे येतेय, सेकंदाला ११० किमीच्या आसपास, कारण इतक्या जवळ गुरुत्वाची ओढ जिंकते.

गंगापूररोडकर:
आकडेवालं आवडलं. बाकीचं भाचीला वाचून दाखवलं तर ती म्हणते, चालणाऱ्याचं सोडा मामा, पृथ्वीच सूर्याभोवती सेकंदाला ३० किमीने पळतेय, त्याचं काय?

फिजिक्सवाली:
कुठल्या शाळेत आहे ही 😀 बरोबर पकडलंय. त्या हिशोबाने देवयानीवरचा आपला ‘आत्ता’ वर्षभरात दोनेकशे वर्षं पुढे जातो आणि परत तितकाच मागे येतो, आपण अंथरुणात लोळत असलो तरी.

पंचवटीतला:
म्हणजे चालण्याचा व्यायाम करून उपयोग नाही, हे आता बायकोला दाखवतो.